साडेपाच किलोमीटरच्या पायघड्या : इझेओ तळ्यावरच्या पिवळ्या रस्त्याचा रिव्ह्यू

दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच, मिलानजवळ ते पाण्यावर पिवळं कापड टाकलेलं आहे ना, त्याचं तिकीट ऑनलाइन मिळतं का, किती दिवस ठेवू. तर आधी सरळ सांगते, ते आता नाहीये. १८ जून ते ३ जुलै २०१६, बस १६ दिवस होतं, मग काढून टाकलं, आणि तिकीट तर तेव्हाही नव्हतं. फोटो अजून सगळीकडे फिरतायत त्यामुळे लोकांना वाटतं की अजून असेल. मी तिथं गेले होते, आईला घेऊन, दिवसभर चाललो होतो, आणि प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहूनच टाकते, कसं होतं, काय आवडलं, काय नाही, आणि आता तिकडे जायचं असेल तर काय उरलंय.

नाव होतं फ्लोटिंग पिअर्स, म्हणजे तरंगते धक्के, इटलीतल्या इझेओ तळ्याच्या पाण्यावर पिवळं कापड अंथरून केलेला चालायचा रस्ता. करणारा क्रिस्टो, मूळचा बल्गेरियाचा, नंतर न्यूयॉर्कला स्थायिक झालेला. तो आणि त्याची बायको जान-क्लोद, दोघांनी मिळून आयुष्यभर एकच प्रकारचं काम केलं, सार्वजनिक जागी प्रचंड मोठं काहीतरी उभं करायचं, दोन आठवडे ठेवायचं आणि काढून टाकायचं. १९८५ ला पॅरिसचा पाँ नफ पूल कापडात बांधला, १९९५ ला बर्लिनचं राइशस्टाग, म्हणजे अख्खी संसदेची इमारत. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये भगव्या पडद्यांच्या ७,५०३ कमानी लावल्या. हे सगळं मला जायच्या आधी माहीत नव्हतं हां, ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की मिलानहून तासा-दीड तासावर आहे आणि ३ तारखेला संपणार, जाऊन ये, म्हणून गेलो.

आता आईबद्दल सांगायला पाहिजे कारण तिच्याशिवाय हा रिव्ह्यू होणारच नाही. आई बारामतीकडची, माहेर काटेवाडीच्या अगदी जवळ, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती, पहिल्यांदाच परदेशात. जूनचा शेवटचा आठवडा, तिकडे देहू-आळंदीहून पालख्या निघायचे दिवस, आणि तिची सारखी चुळबुळ चाललेली, ह्या वर्षी पालखीचं दर्शन चुकलं म्हणून. गुडघे दुखतात तिचे. मी म्हटलं चल थोडं फिरून येऊ, पाणी आहे, डोंगर आहेत, बरं वाटेल.

जायचा भाग वाईट होता, तो आधी संपवते. सकाळी लवकर मिलानहून ब्रेशाला आलो, तिथून तळ्याच्या कडेने जाणारी छोटी लाइन आहे, हा रस्ता जिथून सुरू होत होता त्या सुल्झानो गावाला तिचंच स्टेशन आहे, एरवी ही गाडी एकदम निवांत असते. त्या दिवशी स्टेशनच्या बाहेरपर्यंत रांग. पहिली गाडी भरून गेली, दुसरी भरून गेली, पुढची कधी ते कुणी सांगेना, अनाउन्समेंट फक्त इटालियनमध्ये आणि तीही अर्धवट, सावली नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी सोय नाही. दीड तास उभ्या होतो आम्ही. शेवटी रांगेतल्या एका आजोबांनी स्वतःची घडीची खुर्ची उघडून आईसमोर ठेवली आणि स्वतः उभे राहिले, आई नको नको म्हणतेय आणि ते ऐकेचनात. गर्दी सगळ्यांच्या अंदाजाबाहेर गेली होती हे खरंय, सोळा दिवसांत साधारण १२ लाख लोक येऊन गेले, आणि सुल्झानो म्हणजे केवढं, आपल्याकडच्या एखाद्या लहान वाडीसारखं गाव. पण माणसाला नुसतं इतकं जरी सांगितलं असतं ना की पुढची गाडी अमुक वाजता आहे, तरी पुरे होतं.

सुल्झानोला उतरलो आणि सगळा राग विसरायला झालं. कापड तळ्यापासून सुरू होत नव्हतं, ते गावातूनच सुरू होत होतं, गल्लीत, घरांच्या दारासमोर, भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळा रस्ता पिवळा. आणि पिवळा म्हणजे लिंबासारखा नव्हे, डेलियाच्या फुलाचा पिवळा, उन्हात बघितलं तर सोमवती अमावास्येला जेजुरीच्या पायऱ्या दिसतात तसा.

आई कापडाच्या कडेला येऊन थांबली. पुढे पाऊलच टाकेना. म्हणाली, "अगं ह्याच्यावर पाय कसा द्यायचा? कुणाची पालखी यायचीये का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, काटेवाडीला तुकोबांची पालखी येते तेव्हा परीट समाजाचे लोक पालखीसमोर धोतरांच्या पायघड्या घालतात, पांढरी धुतलेली धोतरं रस्त्यावर अंथरतात आणि त्यावरून पालखी जाते, मग पुढे मेंढ्यांचं रिंगण होतं. आई लहानपणापासून हे बघत आलीये. पायघड्या पालखीसाठी असतात, आपण कडेला हात जोडून उभं राहायचं असतं, हे तिच्या अंगात भिनलंय. आणि इथे एक मुलगी, तिथली मॉनिटर, म्हणजे लोकांकडे लक्ष द्यायला नेमलेली, हसत हसत हाताने खुणावतेय की या, या, चाला. मी आईला सांगितलं की ही सगळ्यांसाठीच आहे, जो येईल त्याच्यासाठी. तिने चपला काढल्या, पिशवीत घातल्या, वाकून कापडाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग पाऊल ठेवलं. मीही बूट काढले. नंतर कळलं की क्रिस्टोचंही म्हणणं हेच होतं की अनवाणी चाला.

आता प्रत्यक्ष पाण्यावरचं. ह्याबद्दल मी कितीही लिहिलं तरी पायाला जे कळलं ते पूर्ण यायचं नाही, पण प्रयत्न करते. गावातल्या रस्त्यावर कापडाखाली दगड लागतो, कडक. मग धक्क्याशी येता आणि एका पावलात जमीन मऊ होते. म्हणजे खचत नाही, गादीसारखी दबतही नाही, पण खालून काहीतरी जिवंत आहे असं वाटतं. कापड ताणून बसवलेलं नव्हतं, मुद्दाम सैल ठेवलेलं, त्यामुळे जागोजागी चुण्या पडलेल्या, आणि त्या चुण्या तळव्याला लागायच्या, नवीन कोऱ्या लुगड्याच्या निऱ्यांवरून हात फिरवल्यासारखं. मधला भाग कोरडा आणि उन्हाने गरम, कडेला जावं तसं ओलं आणि गार. कारण कडा उतरत्या होत्या, सरळ पाण्यात जात होत्या, आणि जिथं पाणी लागलंय तिथं पिवळ्याचा रंग बदलून केशरी, अगदी काठाशी तर शेंदरी झालेला. लांबून एक बोट गेली की मिनिटभराने तिची लाट यायची आणि आमच्या सगळ्यांच्या पायाखालून जायची, समोरची माणसं हलकेच वर, मग आम्ही, मग मागचे. आईने पहिल्यांदा माझा दंड घट्ट धरला. तिसऱ्या लाटेला सोडला. नंतर तर लाट येतेय का म्हणून बोटींकडे बघत होती.

कठडा नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १६ मीटर रुंद रस्ता, आपल्याकडच्या चौपदरी रस्त्यापेक्षाही थोडा रुंद, पाण्यापासून जेमतेम दीड वीत उंच, आणि दोन्ही बाजूंना काही म्हणजे काही नाही, दोरी नाही, पाटी नाही. बाजूला बोटींत जीवरक्षक होते, मॉनिटर होते, कुणी फार कडेला गेलं तर येऊन नीट सांगायचे. पण माणसांवर विश्वास ठेवलेला होता आणि माणसं त्या विश्वासाने वागत होती. लहान पोरं, बाबागाड्या, व्हीलचेअरवरचे लोक, कुत्री, सगळे होते. कुणी पालथं झोपून पाण्यात हात घातलाय, कुणी डोळे मिटून पडलंय.

हे सगळं कशावर उभं होतं तर पोकळ प्लास्टिकचे ठोकळे, पॉलिइथिलीनचे, २ लाख २० हजार ठोकळे एकमेकांना जोडून केलेला तराफा. त्यावर जाड फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या कापडाचा थर, आणि त्यावर ते कापड, १ लाख चौरस मीटर, जर्मनीत विणून तिकडेच शिवलेलं. जागेवरून हलू नये म्हणून तळाशी काँक्रीटचे नांगर, प्रत्येक नांगर पाच टनांच्या पुढे, असे जवळपास २००, आणि ते बुडी मारणाऱ्या डायव्हरांनी खाली जाऊन बसवलेले. पाण्यावरचा रस्ता ३ किलोमीटर, आणि गावांच्या गल्ल्यांतला अडीच. सुल्झानोहून समोरच्या मोन्ते इझोला बेटावर, आणि तिथून सान पाओलो नावाच्या एवढ्याशा बेटापर्यंत, त्या बेटाला वळसा घालून परत. मोन्ते इझोलावर दोनेक हजार लोक राहतात आणि त्यांना आयुष्यभर काठावर यायचं म्हणजे बोटच. त्या सोळा दिवसांत ते पायी आले. तिथली एक बाई भाजीची पिशवी घेऊन आमच्या बाजूने चाललेली, पर्यटक फोटो काढतायत आणि ही आपली घरी चाललीये, तिचं मला फार अप्रूप वाटलं.

मधे बसलो होतो तेव्हा आईने विचारलं, "कुणी घातल्यात ह्या? नवस होता का?" मी मोबाइलवर वाचून तिला सांगत गेले. की क्रिस्टो आणि जान-क्लोद दोघं एकाच दिवशी जन्मलेले, १३ जून १९३५. पाण्यावर चालायचा रस्ता करायची कल्पना दोघांनी १९७० च्या सुमारास काढली होती, आधी अर्जेंटिनात करायचा विचार होता, मग जपानमध्ये टोकियोच्या खाडीत, दोन्हीकडे परवानगी मिळाली नाही. २००९ मध्ये जान-क्लोद गेली. मग त्याने एकट्याने २०१४ मध्ये इटलीतली तळी बघितली, हे तळं निवडलं, आणि दोन वर्षांत करून दाखवलं, वय ८१. आई ऐकत होती. म्हणाली, "मग नवसच की." आणि परत पाय पसरून लाटेची वाट बघायला लागली.

पैशाचं सांगते कारण रिव्ह्यूत ते लागतंच. प्रवेश फुकट, सगळ्यांना, बुकिंग नाही, व्हीआयपी गेट नाही. खर्च साधारण दीड कोटी युरो, आणि तो सगळा क्रिस्टोने स्वतःची चित्रं विकून उभा केला, म्हणजे अशा कामांची आधी काढलेली स्केचेस आणि कोलाज. स्पॉन्सर घ्यायचा नाही, सरकारी पैसा घ्यायचा नाही, हा त्या दोघांचा पहिल्यापासूनचा नियम, आणि काम करणाऱ्यांना मजुरी द्यायची, फुकट राबवून घ्यायचं नाही, हाही. त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. साडेपाच किलोमीटरमध्ये मला एक बॅनर दिसला नाही. कुणाचा फोटो नाही, सौजन्याने नाही, हार्दिक स्वागत नाही. आपल्याकडे नदीकाठी चार बाक टाकले तरी त्यावर नाव, कमान केली तर त्यावर नाव, चौकात फ्लेक्स तर आकाश दिसू नये इतके. मी पुण्यात वाढलेय, मला वाटायचं की सार्वजनिक जागा म्हणजे अशीच असते, कुणाची तरी आठवण करून देणारी. इथे चालताना पहिल्यांदा कळलं की नाव नसलं की नजर कुठे जाते. डोंगरावर जाते, शेजारच्या माणसावर जाते, स्वतःच्या पायावर जाते. मला वाटतं त्या कापडापेक्षाही ही गोष्ट दुर्मिळ होती.

आता ज्या गोष्टींचे मार्क कापले त्या. सावली अजिबात नाही, आणि पाण्यावर सावली करणार तरी कशी, पण जूनच्या दुपारी तीन किलोमीटर उघड्यावर म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, आम्ही आईच्या डोक्यावर ओला पंचा टाकला तेव्हा जमलं. टॉयलेटच्या रांगा अतिशय लांब. गावातल्या खाण्याच्या जागांवर इतका ताण की अर्धा तास थांबून एक पाव मिळाला, घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून आम्ही वाचलो. आणि सुरुवातीला दिवसरात्र उघडं ठेवायचं ठरलं होतं, पण पहिल्या काही दिवसांतच गर्दी इतकी झाली की मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत साफसफाई आणि दुरुस्तीसाठी बंद करायला लागले. मला पौर्णिमेच्या आसपास रात्री चालायची फार इच्छा होती, ती राहिली.

टीका पण भरपूर झाली आणि त्यातली काही मला पटते. क्रिस्टोने स्वतःचा खर्च स्वतः केला हे खरं, पण जादा गाड्या, पोलीस, गावची व्यवस्था ह्याचा भार स्थानिक यंत्रणांवर आलाच. सान पाओलो बेट बेरेटा कुटुंबाच्या मालकीचं, तेच बंदुका बनवणारे, त्यावरून काही लोकांनी प्रश्न विचारले. आणि इतकं प्लास्टिक कशाला, हा तर माझाही प्रश्न होता. नंतर सगळं सामान काढून रिसायकलिंगला दिलं, तळं पहिल्यासारखं करून दिलं. पण ‘ह्यात कला काय, नुसता इव्हेंट’ असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. इव्हेंटमध्ये तुम्हाला काहीतरी बघायला बसवतात, इथे बघायला स्टेज नव्हतं, तुम्ही चाललात तरच ते होतं. पूर्ण आकार बघायचा तर मोन्ते इझोलाच्या माथ्यावर मादोन्ना देल्ला चेरिओलाचं देऊळ आहे तिथून दिसायचा, बरेच लोक चढून गेले, आम्ही आईमुळे गेलो नाही आणि मला त्याची खंत वाटत नाही. पायानेच बघायची गोष्ट होती ती.

संध्याकाळी परत येताना ऊन तिरपं झालं आणि त्या पिवळ्याचं सोनं झालं, अक्षरशः. आई सकाळपासून किती चालली ह्याचा मी हिशेब केला तर सात-आठ किलोमीटर भरले, आणि घरी ती बाजारापर्यंत जायला रिक्षा सांगते. सुल्झानोच्या बाजूला एका मॉनिटरने आम्हाला त्याच कापडाचा एक चौकोनी तुकडा दिला, ते वाटत होते तसे, फुकट. बोटभर लांबीचा, जवळून बघितला तर विणीत चमक दिसते, उलटसुलट केला की रंग फिरतो. आईने तो पदराला पुसून तिच्या हरिपाठाच्या पुस्तकात ठेवला. अजून तिथंच आहे, मागच्या दिवाळीला बघितला मी, पुस्तकाच्या त्या पानावर पिवळट डाग सुद्धा नाही पडलेला, रंग पक्का आहे.

क्रिस्टो ३१ मे २०२० ला गेला. त्यानंतर त्याच्या माणसांनी त्याचं ठरवून ठेवलेलं काम पुरं केलं, पॅरिसची आर्क द ट्रिओंफ ही विजयकमान कापडात बांधायचं, सप्टेंबर २०२१ मध्ये, २५ हजार चौरस मीटर चंदेरी निळं कापड आणि ३ हजार मीटर लाल दोर, तेही सोळाच दिवस. त्या कमानीचं चित्र त्याने १९६२ मध्ये केलं होतं. एखाद्या गोष्टीसाठी साठ वर्षं थांबायचं आणि ती सोळा दिवस ठेवायची, हे गणित मला आधी वेडेपणाचं वाटायचं, इझेओनंतर नाही वाटत.

रेटिंग द्यायचं तर अनुभवाला ५ पैकी ५, जाण्यायेण्याच्या सोयीला २, खाण्याला २, तिथल्या मॉनिटर पोरापोरींना ५ च्या वर असतील तितके.

आणि आता जे लोक जायचं म्हणतायत त्यांनी जरूर जा, पण पिवळं काही दिसेल ह्या आशेने नको. तळं सुंदर आहे, कोमो आणि गार्दा ह्या तिकडच्या मोठ्या तळ्यांपेक्षा गर्दी कमी. मिलानहून ब्रेशा, तिथून छोट्या गाडीने सुल्झानो, स्टेशनवरून खाली चालत गेलं की धक्का, तिथून मोन्ते इझोलाच्या पेस्किएरा मारालिओ गावाला बोट जाते, काही मिनिटांचाच प्रवास आहे. बेटावर पर्यटकांच्या गाड्या चालत नाहीत, पायी किंवा सायकल. काठाकाठाने सेन्सोले गावापर्यंत चालत जा, रस्ता सपाट आहे, म्हाताऱ्या माणसांना झेपतो. मासेमारीची जाळी विणायचं काम तिथं पिढ्यानपिढ्या चालत आलंय, आणि तळ्यातले मासे वाळवून खायची पद्धत आहे, ज्यांना सुकटीचा वास आवडतो त्यांना आवडेल. जुलै-ऑगस्ट टाळा, मे किंवा सप्टेंबर बरा. बोटीत जाताना डाव्या बाजूला बसा, झाडांत एक घर असलेलं छोटं बेट दिसेल, ते सान पाओलो, आमच्या पायघड्या तिथपर्यंत गेल्या होत्या.